कुणाच्या पैशानं?

...आणि तोंडात अजून ब्रश, फेस हनुवटीवरनं गळालाय, तरी गडी भिंतीवरनं वाकून मलाच इचारतोय, "भरमाअण्णा, तुमीच सांगा, ह्ये सगळं कुणाच्या पैशानं?" आता मी काय सांगू? मी आपला म्हशीला पाणी दावत हुभा, अजून चहा न्हाय पोटात, आणि ह्येला सरकारचा हिशोब पायजे... तुम्हास्नी सांगतो, नागेंद्रचं घर आणि माझं घर, मधी भिंत एकच, ती बी आढ्यापतोर न्हाय. तेंच्यात फोडणी पडली की ठसका आमच्यात लागतोय. तवा मी जे सांगालोय ते ऐकीव न्हाय, भिंतीतनं आल्यालं हाय.

तसा नागेंद्र म्हंजे आमच्या येळ्ळूरचा गुणाचा गडी. उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर. घरात आई रुक्माआक्का, बायको माधवी, ती एका खाजगी शाळेत शिकवतीया, आणि एक पोरगी, सौम्या. गडी सुपारीचं खांडसुदीक खात न्हाय बघा. पर प्रत्येकाला काय तरी एक असतंय, तसं तेला ह्ये. पगाराचा कागद हातात आला की मिळाल्याल्या आकड्याकडं बघणार न्हाय, कापल्याल्या आकड्याकडं बघत बसणार. "ह्यो बघा. माझ्या हातात यायच्या आधीच गेला. आणि गेला कुठं? रस्ता असा, गटार तसं, दवाखान्यात डॉक्टर न्हाय, आणि वाटालेत कुणाला? समद्यास्नी. फुकट. कुणाच्या पैशानं?"

आता खोटं म्हणावं तर म्हणता येत न्हाय. मला बी रस्ता दिसतोयच की, माझा टेम्पो त्याच रस्त्यानं जातोय, दोनदा अ‍ॅक्सल मोडलाय. पर माणसानं एक गोष्ट किती वेळा इचारावी?

सकाळच्या बसचं सांगतो. येळ्ळूरहून बेळगावला जाणारी. आमच्या कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट न्हाय, ह्ये तुम्हास्नी ठाऊकच हाय. तर सगळ्या सीटवर बायका, आणि आमचा नागेंद्र तिकीट काढून हुभा, एका हातात डबा, एक हात वरच्या दांडीला, आणि कंडाक्टर मागनं ढकलतोय, "मुंद होगरी, मुंद होगरी." अरं, पुढं जायाला जागा असती तर तो गेला नसता व्हय? शेवटी तेनं तोंड उघडलंच. "आक्कानो, ह्या गाडीत डिझेल कुणाच्या पैशानं घातलंय, ठाऊक हाय?" आणि खिडकीजवळ आमच्या गल्लीतली नागुबाई, मांडीवर वांग्याची बुट्टी, म्हणते कशी, "तुझ्या पैशानं व्हय बाबा? मग जरा जास्ती घालत जा की. रोज चढाला बंद पडतीया."

त्या दिवशी सगळी बस हसली, कंडाक्टर हसला, आणि नागेंद्र वडगावातच उतरून चालत गेला.

बरं, नुसता कुरकुरणारा असता तर सोडून दिला असता, पर तेच्याकडं कल्पना. कल्पना म्हंजे किती... जेवण झालं की हात वाळस्तवर सांगायचा. प्रत्येक कर भरणाऱ्याला एक खड्डा द्यायचा. म्हंजे तेच्या पैशानं बुजवल्याला खड्डा, वर तेचं नाव. "मग पावसात उकरला तर निदान मी जाऊन भांडीन तरी अण्णा. आता कुणाशी भांडायचं तेच कळत न्हाय." दुसरी कल्पना, अर्धा कर सरकारनं घ्यावा, अर्धा आपण म्हणंल त्या कामाला. तिसरी, जो भरतोय तेला दवाखान्यात रांग नको. मी म्हटलं, आणि जो भरत न्हाय, पर मराय टेकलाय, तो? तर म्हणाला, तेच्यावर अजून इचार चालू हाय.

माधवी एकदा आतनं बोलली, "अहो, माझ्या शांपूच्या पुडीवर बी कर हाय की."

"तो वेगळा."

"वेगळा म्हंजे? तो काय वेगळ्या पेटीत ठेवत्यात?"

तेवर गड्यानं भात कालवला, आणि परत, "पर आपल्या घरात फुकटचा एक रुपाया येत न्हाय, ह्ये ध्यानात ठेव." आणि रुक्माआक्का बाजूला बसून भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत हुती. तिचं असंच, बोलायची न्हायच ती. नवरा लवकर गेला, दुसऱ्यांच्या भाताच्या खाचरात रोपं लावून ह्येला शिकवला, आणि शिकून झाल्यावर ह्यो घरात हिशोब मांडाय बसला. ती ऐकत बसली.

मग ती ग्रामसभा. तुम्ही हुता का? नव्हता न्हवं, बरं झालं. तिथं पाण्याचं बोलणं चाललं हुतं, पाईप कुठनं न्यायची, आणि मधीच ह्यो उठला. इस्त्रीचा शर्ट. पंचायतीच्या पीडीओ साहेबास्नी म्हणाला, "साहेब, बायकांच्या खात्यावर महिन्याला पैसं जात्यात. ज्या घरात आयकर भरणारा माणूस हाय, तिथं ते कशाला? गरिबाला द्या, माझं काय म्हणणं न्हाय. पर तपासा. एकेक घर तपासा. आणि सुरवात पायजे तर माझ्या घरापास्नं करा." बोलला म्हंजे काय बोलला, माझ्या अंगावर काटा आला बघा. मी टाळी बी वाजवली. पर बायकांच्या बाजूला टाळी न्हाय. तिथं समद्या माना वळवून एकीकडंच बघालेल्या. रुक्माआक्काकडं. आणि रुक्माआक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली जमिनीकडं बघालेली. मला वाटलं, ल्योक सभेत बोलला म्हणून लाजली असंल. बायकास्नी ठाऊक हुतं, मला न्हाय. आणि नागेंद्रला तर त्याहून न्हाय.

पीडीओ साहेब म्हणाले, "करेक्ट हाय सर तुमचं, नोड्तीनी, बघतो, बघतो." ते रोज शंभर गोष्टी बघतो म्हणत्यात. ह्येवढी एकच बघितली.

पाऊसकाळ गेला. भातं कापून झाली. आणि भिंतीतनं नवीनच आवाज यायला लागलं. भांडं पडल्याचा, दाराला काय तरी थडकल्याचा. एक दिवस जेवताना नागेंद्रच्या दाताखाली खडा आला, चांगला करकरला. "आये, तांदूळ निवडत न्हाईस व्हय आता?" दुसऱ्या दिवशी परत खडा. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं चहा वतला तो कपाच्या बाजूला, आणि वततच राहिली, बशी भरली, पाट भिजला, तरी वततीया. माधवीनं किटली धरली आणि माझ्याकडं धावत आली, "भरमाअण्णा, टेम्पो काढा."

बेळगावातल्या डोळ्याच्या डॉक्टरकडं नेली. मी बी आत हुतो, तिला दुसऱ्या बाजूनं धराय कोण तरी पायजे म्हणून. डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं, यंत्रात हनुवटी ठेवून बघितलं, आणि सरळ म्हणाले, "काचबिंदू. डावा गेला. गेलेलं परत येत नाही. उजवा अर्धा आहे, तो सांभाळा. आजी, थेंब चालू होते ना तुमचे? मीच दिले होते. बंद का केले?"

नागेंद्र म्हणाला, "कसलं थेंब?"

डॉक्टरांनी तेच्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. रुक्माआक्का शांतपणी म्हणाली, "पैसं यायचं बंद झालं, म्हणून थेंब बंद केलं."

"कुठलं पैसं?"

"माझ्या नावावर येत हुतं ते. नागुबाईनं संगं नेऊन नाव घातलं हुतं. त्यातनं थेंब आणत हुते. तूच हुभा राहून बंद केलास की रं."

रागानं न्हाय हां. दूधवाला आज आला न्हाय म्हणावं, तसं म्हणाली. नागेंद्रच्या तोंडाचा रंग मी बघितला, भट्टीतनं काढल्याल्या लोखंडाचा रंग उतरतोय न्हवं, तसा उतरत उतरत गेला. म्हणाला, "मग मला मागायचं न्हाय व्हय, आये?"

"रोज जेवताना इचारायचास, कुणाच्या पैशानं, कुणाच्या पैशानं. मला वाटायचं, मलाच इचारालाईस."

डॉक्टरांनी थेंबाची चिठ्ठी लिवली आणि नागेंद्रच्या हातात ठेवली.

आता तुमी म्हणाल, झालं ते झालं, ल्योकानं थेंब आणावं, आईनं घालावं. इतकं सोपं असतं तर मी कशाला बसलो असतो तुमचं डोस्कं खात? नागेंद्रनं त्याच दिवशी बाटली आणली. म्हातारीनं हात लावला न्हाय. "माझं सुरू झालं की माझं मी आणीन. तुझा थेंब नको." तेनं हात जोडलं. न्हाय. सौम्याला पुढं केली. न्हाय. मग गड्यानं डोकं चालवलं, दोन दिवसानं हसत हसत आला, "आये, सुरू झालं बघ पैसं, सरकारनं परत चालू केलं." रुक्माआक्का म्हणाली, "माझा फोन टुंग झाला न्हाय." पैसं आलं की तो फोन टुंग करायचा म्हणं. तेवढ्या टुंगवर बाई औषध घालत हुती. डोळ्याला दिसत न्हाय, पर कान असा, की शेजारणीचं टुंग बी वळखती.

शेवटी माधवीनं तोडगा काढला. बाटली हातात घेऊन बसली, म्हणाली, "आत्ती, ह्ये माझ्या पगारातलं हाय. माझ्या पगारातनं काय बी कापत न्हाईत. तो इतका बारीक हाय की सरकारला दिसतच न्हाय." म्हातारी हसली, डोस्कं मागं केलं, आणि थेंब घालून घेतला. नागेंद्र दारात हुभा राहून बघालता. तेच्या घरात, तेच्या आईच्या डोळ्यात औषध पडालंय, आणि त्यात तेचा पैसा चालत न्हाय. जेवताना आता कोण कुणाला काय इचारत न्हाय. भिंतीतनं नुसता ताटाचा आवाज येतोय. पयल्यांदा मला वाटलं, बरं झालं, सुटलो. आता झोप लागत न्हाय.

मग गडी लागला हापिसाच्या पाठी. आईचं सुरू करायचं, बास. सुट्टी टाकायची, पगार कापून घ्यायचा, आणि जायाचं. तिथला क्लार्क भला माणूस, कानडी मराठी मिसळून बोलणारा. म्हणाला, "सर, तुमच्या घरात टॅक्स हाय, अद्क बंद आगेद, म्हणून बंद झालंय. आणि तुमीच सांगितलं हुतं न्हवं, आमच्यापास्नं सुरवात करा? तशीच केली."

"मग आता?"

"आता आईचं रेशन कार्ड वेगळं करा. आई वेगळी राहते, चूल वेगळी, ल्योक बघत न्हाय, असं लिवून द्या. सगळे देत्यात."

"पर ते खोटं हाय."

"खरं लिवलं तर मिळत न्हाय, सर. काय करूया?"

बघा म्हंजे. ज्या माणसानं आयुष्यात कधी उशिरा कर भरला न्हाय, ज्येनं नियमाची भाषणं केली, तेनं आता लिवायचं काय, तर मी आईला बघत न्हाय. आठ दिवस तो कागद खिशात घेऊन फिरला. फौंड्रीत घेऊन गेला, परत घेऊन आला, घामानं शाई फुटली, नवीन कागद आणला. मग एक दिवस माझ्या कट्ट्यावर बसून लिवला. "माझी आई माझ्याजवळ राहत नाही." एवढं लिवून पेन खाली ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, ह्यातलं खोटं कुठलं आणि खरं कुठलं, मलाच कळंना." साक्षीदार म्हणून सही माझी हाय. मग काय करणार, भिंत एक हाय आमची.

आणि मग तपासणीला माणूस आला. आगाऊ सांगून न्हाय, असाच, दुपारच्याला, सौम्या शाळेत, माधवी शाळेत. नागेंद्रची त्या दिवशी सेकंड शिफ्ट, म्हणून गडी घरातच, आईला भात वाढून देत हुता. हातात पळी. पळून जायाला मागं दार न्हाय. तो तपासणीवाला उंबऱ्यात हुभा, नागेंद्र चुलीजवळ हुभा, मी भिंतीच्या ह्या बाजूला टाचा उंचावून हुभा.

माणसानं इचारलं, "आजी, तुमचा मुलगा तुमच्याजवळ राहतो का?"

रुक्माआक्कानं मान फिरवली. हिकडं फिरवली, तिकडं फिरवली, नागेंद्र हातभर लांब, पळीतनं वाफ निघालीया. आणि म्हणाली, "मला तर बाबा कुठं दिसत न्हाय."

तेनं लिवून घेतलं. अंगठा घेतला. "आणि हे कोण?" म्हणून नागेंद्रकडं बोट केलं, तर म्हातारी म्हणते, "असंल कोण तरी. भात चांगला वाढतोय."

माणूस गेला. नागेंद्र पळी तशीच धरून खाली बसला. मग भिंतीतनं आवाज आला, "आये, खरंच दिसलो न्हाय व्हय मी?"

"दिसालतास की रं, थोडा थोडा. तू कागदावर खोटं बोललास, मग मी तोंडानं बोलले. एकट्यानंच का बोलायचं?"

आणि मग ताटाचा आवाज. भात संपवला म्हातारीनं.

पैसं? पैसं कुठलं येतंय... अजून तपासणी चालू हाय म्हणत्यात.