नव्या पानावरचा गणपती

(परभणी, १९९४चा उन्हाळा. लग्नपत्रिकांचं दुकान. कॉम्प्युटरपुढं रंगनाथ, त्याच्या पाठीमागं मालक बन्सीधर, बाकावर नवरीची आई सरजाबाई.)

रंगनाथ : पुन्हा अडकलं, मालक. एक अक्षर सरकवलं की ते वाळूचं घड्याळ येऊन बसायलंय.

बन्सीधर : जरा सबर कर. गरम झालं असेल. पंखा इकडं फिरव.

सरजाबाई : सकाळधरनं त्या डब्ब्यालाच वारा घालायलेत. मला गंगाखेडची गाडी धरायचीय, दादा. पत्रिका आज हातात पडली न्हाई तर सोयऱ्यांना सांगावा कधी जायचा?

रंगनाथ : आज देतोच, आत्या. मालक, पंख्यानं न्हाई व्हायचं. सेटिंगची फाईल लय फुगलीय. समदे फॉण्ट, समद्या नक्षी, अन् नवं पान उघडलं की त्यावर तुमचा गणपती. ती फाईल काढून टाकू. प्रोग्राम पहिल्या दिवसासारखा कोरा उघडंल.

बन्सीधर : तो गणपती बाबांचा आहे. खिळ्यांच्या छापखान्यातला त्यांचा ठसा. आधी तो उमटायचा, मग नवरानवरी. हे मशीन आलं तेव्हा मी पहिलं काम तेच केलं.

सरजाबाई : ठाऊक हाय. माझ्या थोरलीच्या पत्रिकेवर बी उमटला.

बन्सीधर : कधी?

सरजाबाई : गेल्या साली. वर बुद्ध पायजे म्हणून सांगितलं व्हतं. निघाला गणपती.

बन्सीधर : मग परत का नाही आणल्या?

सरजाबाई : दिवस कुठं व्हते? खळ शिजवली. मी अन् जावांनी कागदाचे चौकोन कापून एकेकीवर चिकटवले. सोयरे उजेडाकडं धरून बघायचे, खाली काय हाय म्हणून. लेकीनं आपली पत्रिका जपून ठेवली न्हाई.

बन्सीधर : मला हे कुणी सांगितलंच नाही.

सरजाबाई : तुमच्या देवावर माझा राग न्हाई, दादा. आमाला विचारायला पायजे व्हतं. आता हा चुलतभावाचा पोरगा हितं कामाला लागला म्हणून आले. तरी बी छापून होईस्तवर उठायची न्हाई.

रंगनाथ : आपल्या लोकांची पत्रिका आली की आधी गणपती काढतो, मग काम सुरू करतो. एखाद्या दिशी माझ्याकडनं बी ऱ्हाईल.

बन्सीधर : तूही कधी बोलला नाहीस.

रंगनाथ : तुमी रोज सकाळी मशीनला उदबत्ती लावता. कसं बोलू?

सरजाबाई : विद्यापीठाचं नाव बदलायला सोळा वरसं गेली. तुमच्या मशीनीला किती लागतील?

बन्सीधर : फाईल काढली तर बाबांचं चित्र जाईल का रे?

रंगनाथ : न्हाई. फाईलीचं नाव बदलून बाजूला ठेवतो. चित्र फ्लॉपीत घेतो. कुणी मागितलं की लावू.

बन्सीधर : कर मग.

रंगनाथ : नाव बदललं. आता चालू करतो. बघा, उघडलं बी.

सरजाबाई : त्यावर तर काईच न्हाई.

रंगनाथ : कोरंच असतंय, आत्या. अक्षर बघा कसं पळायलंय. मालक, गणपती हलका करून पुन्हा ठेवू का? तेवढं चालंल मशीनला.

बन्सीधर : नको. कोरं राहू दे. सरजाबाई, जरा पुढं सरका. वर काय घालायचं, तुम्ही सांगा.

सरजाबाई : बुद्ध. अन् लेकीचं नाव जरा मोठं.

बन्सीधर : घे रे. आणि हे झालं की थोरलीचं नाव सांगा. तिचीही काढू.

सरजाबाई : तिची तारीख गेली की, दादा.

बन्सीधर : तीच तारीख घालू. एकच काढू, तिच्यापुरती.