शेवंतीचं गाऱ्हाणं

मुलांच्या अबोल्याचं काय घेऊन बसलात! आमच्या शेजारच्या सुमतीची शेवंती चौदाव्या वर्षी आईशी बोलायचीच बंद झाली. रागावून, विनवून सुमती पार थकली आणि शेवटी लेकीला घेऊन देवळात गेली. सोबत मी होतेच.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक आवशीशी बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

तोच शेवंतीनेही हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझी आवस माझा सगळा शेजारणीक सांगता, ता बंद कर रे म्हाराजा!"

सवयीने सगळ्यांच्या आधी मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सुमती मटकन पायरीवर बसली. म्हणाली, "वयनी, आता मी माझा दुख्ख कोणाक सांगू?"