धुतलेल्या शर्टाचा वास

बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या. एक वयस्कर, दुसरी तरुण. तरुण बाईच्या हातात जड पिशवी.

“काय गं, पिशवीत संत्री वाटतं? वास सुटलाय नुसता.”

“संत्री कुठली मावशी, नुसत्या साली. रसाच्या कारखान्याच्या फाटकावर फुकट मिळतात हल्ली.”

“फुकट? ते कसं काय?”

“आधी तिथेच वाळवून पावडर करायचे. आमचे हे त्याच मशीनवर होते. कंपनीने मशीन लांबच्या कारखान्यात हलवलं, आणि यांनाही.”

“म्हणजे मशीनबरोबर नवराही नेला म्हण की! मग तू काय करतेस या सालींचं?”

“गच्चीवर वाळवते. खडखडीत वाळल्या की डब्यात भरते आणि त्यात यांचा जुना शर्ट ठेवते.”

“शर्ट? तो कशाला?”

“मुलगी तो उशाशी घेऊन झोपायची, बाबांचा वास येतो म्हणून. सासूबाईंना काय ठाऊक, मळलाय म्हणून धुऊन टाकला. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं.”

“अगं बाई! मग आता येतो का तसा वास?”

“थोडासा. पण त्यात मशीनच्या तेलाचाही वास असायचा, तो कुठून आणू?”

“चालायचंच. पोर झोपते ना?”

“ती होय? ती दोन दिवसांत विसरली. आजीच्या कुशीत ढाराढूर झोपते.”

“मग एवढं ओझं कुणासाठी वाहतेस गं?”

“बस आली मावशी. चढा, तुम्ही आधी चढा.”