उपासात सोडलेलं बेसबॉल

(चर्चच्या तळघरातलं सभागृह. एप्रिलमधला, ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार; मांस वर्ज्य म्हणून तळलेल्या माशाचं जेवण चाललेलं. एका टेबलाशी दोन म्हातारे भाऊ आणि एप्रन बांधलेले फादर.)

काझ : ...तर मला एवढंच सांगा फादर, ते माझ्यामुळे जिंकले की माझ्यावाचून जिंकले?

फादर : आधी मासा खा. गार झाला की तो खाण्याचं पुण्य वाढतं, पण पोट बिघडतं.

टेड : फादर, याला पहिल्यापासून सांगायला लावा. हा प्रत्येक गोष्ट शेवटच्या इनिंगपासून सुरू करतो.

काझ : तू ते बटाट्याचे पिएरोगी खा रे. फादर, ईस्टरआधीच्या उपासात मी दरवर्षी कुठली आवडती गोष्ट सोडतो, ठाऊक आहे ना?

फादर : बेसबॉल. फेब्रुवारीत. बाहेर कंबरभर बर्फ आणि देशात एकही सामना नसताना. तुमचा हा त्याग पाहून मी दरवर्षी थक्क होतो.

टेड : मी तळ्यात पोहणं सोडतो.

काझ : हसा. पण यंदा ईस्टर पुढे गेला आणि मोसम आधी उघडला, त्यात माझी काय चूक? शब्द दिला तो दिला. आपल्या गावच्या संघाची, हेरन्सची पहिलीच मालिका, परगावी, तीन सामने. गुरुवारी सामना सुरू झाला आणि मी गॅरेजात जाऊन बसलो. जिंकले! शनिवारी पुन्हा गॅरेज. पुन्हा जिंकले! हेरन्स! मला वाटलं, बायको माझी समजूत काढायला खोटं बोलतेय.

फादर : आणि रविवारी?

काझ : रविवार उपासात धरत नाहीत. तुम्हीच प्रवचनात म्हणाला होता.

फादर : त्या प्रवचनात आणखीही बरंच होतं. पण गावाच्या लक्षात तेवढंच राहिलंय.

काझ : म्हणून रविवारी टेडकडे गेलो आणि टीव्ही लावला. अकरा-शून्य.

टेड : अकरा त्यांचे. शून्य आपलं. उलटं असतं तर हा तुमच्याकडे कशाला येतोय?

काझ : तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. मी पाहिलं म्हणून हरले, की हरायचेच होते म्हणून नेमकी त्या दिवशी मला पाहायची बुद्धी झाली? आणि आधीचे दोन? ते माझ्या त्यागाचं फळ की चेंडू टाकणाऱ्या त्या नव्या पिचरचं? पिचरचं असेल तर मी गॅरेजात काय करत होतो?

टेड : गारठत होतास.

फादर : आणि आज चार वाजता घरच्या मैदानावरचा पहिला सामना.

काझ : शुक्रवारी! रविवार तरी असता. आम्ही दोघं चड्डीत होतो तेव्हापासून घरचा पहिला सामना कधी चुकला नाही. याचे डोळे गेल्यापासून मी शेजारी बसून सांगतो, कोण कुठे पळतोय, कुणी काय सोडलं. मी घरी बसलो तर याला कोण सांगणार? म्हणून म्हणतो, मला आजच्या दुपारपुरतं मोकळं करा.

टेड : मी काही अर्ज केलेला नाही. मी तुझ्या पोरीबरोबर, डेनीसबरोबर जाईन.

काझ : तिला धाव आणि बाद यातला फरक कळत नाही!

टेड : पण ती पाहायला बसली म्हणून कुणी हरल्याचं ऐकलं नाही.

काझ : ऐकलंत? सख्खा भाऊ!

फादर : हे पाहा, हे सोडणं स्वखुशीचं असतं. त्यातून मोकळं करायला मला घोटभर कॉफीइतकाही वेळ लागू नये.

काझ : मग करा.

फादर : हं.

काझ : फादर?

फादर : गुरुवारी सातव्या इनिंगपर्यंत आपण मागे होतो.

काझ : मग?

फादर : आठवीत चेंडू मैदानाबाहेर गेला आणि होमरन बसला, तेव्हा तुम्ही गॅरेजातच होता? मध्ये घरात डोकावलाही नव्हता?

काझ : तुम्ही माझ्या आत्म्याचा विचार करताय की हेरन्सचा?

फादर : दोन्हींचा. कोणाचा आधी, ते विचारू नका. मी या गावात आल्यापासून हे लोक एकदाही पुढच्या फेरीत गेले नाहीत, काझ. मीही माणूस आहे. कोबी घ्या.

काझ : म्हणजे नाही?

फादर : म्हणजे मला कळत नाही. पाद्री होण्याच्या शाळेत हा भाग शिकवला नव्हता. टेड, तिकडे बसणार तुम्ही. तुम्हीच सांगा.

टेड : गुरुवारी मी घरी रेडिओ लावून बसलो होतो. तो होमरन बसला आणि मी कोपर मारलं.

काझ : कुणाला?

टेड : तुला. खुर्चीला लागलं. अजून ठणकतंय.

काझ : पण जिंकले ना.

टेड : जिंकले. रेडिओवाला घसा फोडून सांगत होता. मग मी रेडिओ बंद केला. जिंकल्यावर एकट्याने काय करतात ते मला सुचेना, म्हणून सूप गरम केलं. शनिवारी पुन्हा तेच.

काझ : आणि डेनीस?

टेड : पोर चांगली आहे, पण तिला कोपर मारलं तर डॉक्टरकडे नेईल. मला. कोट घाल.

काझ : आणि उपास?

फादर : उपासाचं मी पाहतो. त्याच्या बदल्यात ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी या तळणाच्या कढया तुम्ही घासायच्या. आणि हेरन्स हरले तर मी तुम्हाला ओळखत नाही.

काझ : टेड, आणि खरंच हरले तर? माझ्यामुळे?

टेड : रविवारी अकरा-शून्य हरलो. पण तू सांगत होतास, तर शेवटच्या इनिंगपर्यंत मला वाटत होतं, अजून जीव आहे सामन्यात. आजही तसंच सांग.