चार्ज संपवून येतो

...नाही नाही, गाडी चांगलीच आहे हो, गाडीबद्दल माझी तक्रार नाही! आवाज नाही, धूर नाही, किक मारून घाम नाही... तक्रार आहे ती आमच्या चौथ्या मजल्याची. आता मला सांगा, विजेची स्कूटर घेताना माणूस रंग बघतो, डिकी बघतो, बायकोचे पाय टेकतात का तेही बघतो, पण खाली पार्किंगमध्ये प्लग आहे का, हे कोणी बघतं? मी नाही बघितलं. सोसायटीचे सेक्रेटरी नाकातून म्हणाले, "कॉमन मीटरला गाडी लावायची नाही. आज तुमची स्कूटर, उद्या कोणी वेल्डिंगचं मशीन आणून लावेल."

मग काय, सोडली वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली! वरून बायको ओरडणार, "लागली का?" खालून मी, "लागलीऽऽ!" आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्या वायरवर टॉवेल वाळत घातले. बोलायला गेलो तर म्हणतात, "अहो, रिकामीच तर लोंबत असते!" रिकामी म्हणे...

पण तुम्हाला सांगतो, मुद्दा तो नाहीच. मुद्दा माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, आवाज असा की शेजारचा वर्गही गप्प बसायचा. आणि आता? गॅलरीतली खुर्ची आणि "हं." चहा देऊ? "हं." टीव्ही लावू? "हं." बायको माझ्यामागे लागलेली, "अहो, कसंही करा, पण बाबांना बोलतं करा हो." मी काय करणार? विनोद सांगितले. त्यावरही "हं"! एकदा तर माझ्याच विनोदावर मी एकटाच हसलो, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरचं निमित्त काढलं आणि त्यांना मागे बसवलं. निघताना बघतो तर चार्ज निम्माच! काकूंनी टॉवेल ओढला, त्याबरोबर वायर ओढली गेली, वर प्लग निसटला आणि गाडी राहिली उपाशी. म्हटलं, जाऊ कसेतरी. पण पुलाचा चढ लागला आणि टक्के जे घसरायला लागले... गाडी गप्प, सासरे गप्प, आणि पूल उतरल्या उतरल्या एका टेलरच्या दुकानासमोर गाडी उभीच राहिली. तरी गाडीबद्दल माझी तक्रार नाही, बंदसुद्धा पडली ती किती सभ्यपणे!

टेलर तोंडात टाचण्या धरून म्हणाला, "लावा की. इस्त्रीचा प्लग आहे. इस्त्री लागली की मात्र तुमची गाडी काढणार." लावली. सासरे स्टुलावर बसले. टेलर कापडावर खडूने कॉलर आखत होता, आणि मागून आवाज आला, "वाकडी आहे."

मी दचकलो. टेलर म्हणाला, "काय?"

"कॉलर. डावीकडे उतरलीय."

टेलरने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आयुष्य गेलं माझं कॉलर कापण्यात!"

"मग आयुष्यभर वाकड्याच कापल्यात."

झालं! टेलरने खडू पुढे केला, "काढा बघू तुम्ही!" सासरे उठले, बाह्या सारल्या, एका दमात कॉलर आखली. टेलरने टेप लावली, इकडून मोजली, तिकडून मोजली, आणि काय म्हणाला माहितीये? "हं."

त्यावर सासरे हसले हो! नुसते हसले नाहीत, मग खिशावरून भांडले, काजांवरून भांडले. मी बायकोला फोन लावला आणि फोन नुसता दुकानाकडे धरला. पलीकडून फक्त हुंदका. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? डॉक्टर राहिला बाजूला, गाडी पूर्ण भरली तरी सासरे उठेनात.

आता तुम्ही म्हणाल, मग रोज नेऊन सोडा की दुकानात! पण मास्तर माणूस, ताठ कणा. "उगाच कोणाच्या दुकानात जाऊन बसायला मी काय रिकामटेकडा आहे? चार्ज संपला तर गोष्ट वेगळी." चला, तेही जमत होतं. टॉवेल ओढणाऱ्या काकूंच्या कृपेने चार्ज रोज अपुराच असायचा.

आणि परवा सेक्रेटरींना उपरती झाली. पार्किंगमध्ये प्लग! वर पेढे मागितल्यासारखा चेहरा करून, "खास तुमच्यासाठी हो!" सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात स्वतःचा खडू घेऊन खाली आले, गाडीच्या मीटरमध्ये वाकून बघितलं... "शंभर?" म्हणाले, आणि मुकाट्याने जिना चढायला लागले.

मग मला सांगा, काय करायचं मी? हल्ली रोज सकाळी गाडीचा दिवा लावून, वजनाला गॅसचा भरलेला सिलिंडर पायाशी ठेवून, बिल्डिंगभोवती गोल गोल फिरतो. काकू विचारतात, "काही हरवलंय का?" वर गॅलरीतून सासरे, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात, "जावईबापू, किती राहिला?" मी खालून, "साठऽऽ!" वरून हुकूम, "अजून चार चकरा मारा!"

म्हणून म्हणतो, इतके दिवस गाडीबद्दल माझी तक्रार नव्हती... पण आता आहे हो. मेलीचा चार्ज काही केल्या लवकर संपत नाही!