दुसरीचा चार्ज

नाही नाही, बस तू, उठू नको. फाइल पाहिली मी. उर्वी नाव नं? स्मृति नगरहून आली. शिक्षण बरोबर हाये, अक्षर चांगलं हाये, अन् जागा बी हाये — दुसरीचा वर्ग, तेवीस पोरं. त्याच्यासाठीच तर बोलावलं तुले. फक्त एक गोष्ट आधी सांगतो, मंग हो म्हन का नाही म्हन — खिडकीकडे काऊन पाहून राहिली? ते लोक? पालक हायेत. रोज उभे राहतात फाटकाशी. तू त्यांच्यातूनच आली असशीन. कोनी काही म्हनलं तुले? नाही नं. मले बी नाही म्हनत. अकरा दिवस झाले.

मी स्टील प्लांटातला मानूस, बेटा. छत्तीस साल कोक ओव्हनवर काढले. रिटायर झालो अन् आपल्या मराठी मंडळानं ही शाळा माह्या गळ्यात घातली — श्यामराव, तुमी सेक्रेटरी. पाच मॅडम, एक गुलाबबाई — आया हाये ती — अन् सव्वाशे पोरं. पन एकीचं दुसरीशी काही घेनं-देनं नाही. एक वाजला का पर्स उचलली अन् चालल्या. म्हनलं, असं नाही चालत, इथं टीम बनवाची. प्लांटात गँग राह्यते नं, तशी. रोज सकाळी पाच मिनिटं उभ्याउभ्या मीटिंग लावली. सगळ्यांले एका रंगाच्या साड्या घेतल्या. काय झालं? साड्या एका रंगाच्या झाल्या, बस. शनिवारी डबा एकत्र खा म्हनलं — तर प्रेमला मॅडम भिंतीकडे तोंड करून खाये अन् ऐश्वर्या मॅडम तिच्याकडे पाठ करून. गॅदरिंगच्या एका नाचावरून दोन साल अबोला. पालक सभा ठेवली, समोसे सांगतले, आले किती — सात जन. समोसे मीच खाल्ले, दुसऱ्या दिवशी बी तेच.

मंग मी प्लांटातला नेम लावला. रिलीव्हर. मालूम हाये? तुहे बाबा प्लांटात नव्हते वाटते. तिकडे भोंगा झाला म्हनून कोनी जागा सोडत नाही. पुढच्या शिफ्टचा मानूस येते, रजिस्टरात सही करते — चार्ज घेतला — तवा पहिला जाते. येनारा तो रिलीव्हर. नाही आला तर उभा राह्य. इथं बी तसंच. पोरगं घरच्यांच्या हातात देल्याशिवाय, नाही तर दुसऱ्या मॅडमले चार्ज देल्याशिवाय वर्ग सोडाचा नाही. हे पाह्य रजिस्टर, लाल कव्हरचं. मीच आनलं.

अन् करिष्मा मॅडमनं सोडला. जामुलहून येते ती. बारा चाळीसले फोन आला — बाप अंगणात चक्कर येऊन पडला. बाकीच्या मॅडम आपापल्या वर्गात, मी बँकेत. हिनं गुलाबबाईले दारात उभं केलं, बाई, पोरं सांभाळ म्हनली, अन् गेली. वीस मिनिटं. पोरांले काही झालं नाही — खोटं काऊन बोलू — गुलाबबाईनं छत्तीसगढीत गोष्ट सांगतली, अन् एक पोरगं जाग्यावरून हाललं नाही म्हनतात. पन आया रिलीव्हर होते का? नियम म्हंजे नियम. त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली मी, उद्यापासून येऊ नका. माफी मागाले आली असती तर — नाही आली. जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी म्हनलं, दुसरीत आता धिंगाणा राहीन. तर पाढे ऐकू आले. बे एके बे. प्रेमला मॅडमनं आपली तिसरी अन् ती दुसरी एकाच व्हरांड्यात बसवली होती. अन् माह्या टेबलावर हे रजिस्टर उघडं — वाच, मोठ्यानं नको — ‘दुसरीचा चार्ज करिष्मा मॅडम येईपर्यंत घेतला’. खाली सही. पुढच्या दिवशी ऐश्वर्याची. मंग बाकीच्या दोघींची, आळीपाळीनं, एक घंटा खाली नाही गेला. संप नाही, नारा नाही, पालक बी फाटकाशी नुसते उभे, कोनी माह्याशी भांडत नाही. छुट्टी झाली का प्रेमला त्याच ऐश्वर्याच्या स्कूटीवर मागं बसून जामुलले जाते, करिष्माच्या बापाले पाहाले. मी माह्या डोळ्यानं पाहिलं. शनिवारी पालक आलूगुंडे आनून देतात, सगळ्या गोल बसून खातात, हासतात. मी आलो का चूप. मले वाढतात, असं नाही का वाढत नाहीत. पन चूप.

चार साल मी जे बनवून राहिलो होतो ते अकरा दिवसांत बनलं, बेटा. अन् त्याच्यात सगळे हायेत, मी नाही. हासू नको — नाही, हास, हासन्यासारखंच हाये. मले रातंदिस तेच टोचून राहिलं.

काय? मी? मी कधी जागा सोडली का? — पंखा वाढवतो थांब. हे बटन बी नं. — छत्तीस सालांत माह्या नावावर एक लाल शेरा नाही. विचार कोनाले बी. मारोतरावले विचार. हां, तो तर गेला. मारोतराव बाजूच्या सेक्शनचा. समीर, माहा पोरगा, झाला तवा मी दुपारच्या शिफ्टले होतो. दवाखान्यातून निरोप आला, बायकोचं काही खरं नाही म्हने. रिलीव्हर यायले दोन घंटे होते. मारोतरावले माह्या कामाची परवानगी बी नव्हती. म्हने, श्यामराव, तू जा, मी आहो नं. गेलो. पळतच गेलो. रजिस्टरात पूर्ण आठ घंटे माहीच सही हाये. त्यानं मरेपर्यंत कोनाले सांगतलं नाही. मी बी नाही. आज तुले काऊन सांगून राहिलो काय माहीत, तू ना ओळखीची ना पाळखीची.

वाजले किती? बारा पस्तीस. ही घे तुही फाइल. तुले चहा बी नाही पाजला मी. राग नको मानू बेटा, पन जागा खाली नाही. दुसरीची जागा भरलेली हाये. अकरा दिवस लिहून येऊन राहिलं टेबलावर, मीच सही पाह्यत होतो, वरची ओळ नाही. पावणे एकची बस हाये जामुलची, चौकातून. पन छुट्टी एकले — थांब.

गुलाबबाई. ओ गुलाबबाई, अंदर या. हात पुसा. मले जामुलले जायाचं हाये, करिष्मा मॅडमकडे, आता, छुट्टीच्या आधी. ऑफिसचा चार्ज घ्या. हो, तुमालेच म्हनून राहिलो. इथं सही करा, नाही तर अंगठा — सही येते? कोनं शिकवली? ... तिनंच नं. बरं. करा. सावकाश करा.

तू जा बेटा आता. फाटक उघडंच ठेव, मी येऊनच राहिलो मागून.