बोटावरचा घास

— नाही नाही, दारात उभी राहून बोलू नकोस, शेजारणीचे कान भिंतीला लागलेले असतात. आत ये. चप्पल आत घे आणि वर ठेव, टिल्ल्या कुरतडतो. हो, टिल्ल्याच! तू ठेवलेलं ते नाव माझ्या जिभेला वळत नाही, आणि आता त्यालाही कळत नाही — हाक मारून बघ हवं तर. बघितलंस? कानसुद्धा हलला नाही. आणि तुझा नवरा कुठाय? खाली गाडीत? का, आईच्या घराचे जिने आता जड जातात वाटतं? बायकोला पुढे केलं नि स्वतः काच वर करून बसला. शाब्बास माझ्या वाघा!

याला न्यायला आलात म्हणे. आता आलात! वळचणीच्या चिमणीएवढा होता तेव्हा कुठे होतात गं? "आई, आम्ही दोघं दिवसभर बाहेर, नवं घर लागेपर्यंत तेवढा सांभाळा" — आणि दिला माझ्या पदरात टाकून. कुत्र्याचं एवढ्याशा जातीचं पिल्लू म्हणजे काय असतं, माहितीये? पोटात मावतं ते चमचाभर, आणि ते जिरलं की लगेच अंगातलं बळ जातं. एकदा मला बँकेत उशीर झाला, येऊन बघते तर हा लटलट कापतोय, मान टाकलेली. मधाचं बोट हिरड्यांना चोळलं तेव्हा डोळे उघडले त्याने. तेव्हापासून दिवसातून चार वेळा, घड्याळ चुकेल पण मी चुकले नाही. पिल्लांच्या खाण्याचे ते कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, बोटांनी कुस्करायचे, गाठ राहता कामा नये. आणि आता पिल्लू धडधाकट झालं तर तुम्ही हजर — आयत्या बिळावर नागोबा!

ते पोतं कसलं आणलंस? मोठ्या कुत्र्यांचं? अगं, याच्याकडे बघून तुला हा मोठा वाटतो? — वर्षाचा होत आला म्हणून काय झालं! तो डॉक्टरही तेच म्हणाला, "आजी, आता दोनदाच द्या, कोरडं द्या, याला दात आलेत." म्हटलं, मला दिसतात दात, मीच रोज बघते. लगदा खाऊन खाऊन दातांवर थर चढलाय म्हणाला, वजनही वाढलंय म्हणाला. त्याचं काय जातंय बोलायला! उगाच दोषी धरल्यासारखं बघत होता माझ्याकडे.

आणि तुझं ते पोतं उपयोगाचं नाही, आधीच सांगते. तो वाटीतून खातच नाही. माझ्या मांडीवर बसतो आणि माझ्या बोटावरून खातो. दुसऱ्या कुणाच्या हातचं नाही. — सवय? लावली मी, लावली. वाटीला तोंड लावायला गेला की वाटी उचलून घ्यायची मी. का म्हणजे? नेऊन दाखवा आता! दोन दिवस उपाशी राहील आणि आणून सोडाल परत. हसतेस काय?

तुझ्या नवऱ्यालाही मी दहावीपर्यंत भरवलंय. पुस्तकातून मान न काढता आऽ करायचा नुसता. कॉलेजात गेला तरी ताट वाढून समोर ठेवल्याशिवाय हात धुवायचा नाही. तिकडे खातो तरी काय? तुला कुठला वेळ, डबेच मागवत असाल. — काय? तो करतो? स्वयंपाक? माझा मुलगा? चहा उतू जातो त्याच्याकडून! — रोज? — लग्नाच्या आधीपासून? खोटं. कुठे शिकला? — मित्राच्या खोलीवर. मग इथे कधी एक पेलासुद्धा का नाही... — मला वाईट वाटेल म्हणून. असं म्हणाला तो?

बरं.

बरं, ते पोतं काय फोडतेस? सांगितलं ना, खायचा नाही तो. टाक, टाक हवं तर, त्या वाटीत टाक. वाया जाईल तुझंच. वास घेईल आणि माझ्याकडे येईल, बघ आता. टिल्ल्या, ये रे. इकडे, मांडीवर ये. टिल्ल्या — अरे, इकडे...

कडाकडा खातोय.

किती दिवस भूक होती रे तुला, असं वाजवून खायची?

— पट्टा दारामागच्या खिळ्याला आहे. पांघरूणही ने, त्याशिवाय झोपत नाही. वाटी राहू दे, वाटी माझी आहे. नाही, तुझा नवरा खाली आहे तर खालीच राहू दे, बोलावू नकोस. रडत नाहीये मी. जा म्हटलं ना! आणि जाताना दार ओढून घे.